वाट एकाची, देऊळ दुसऱ्याचे

शेताच्या बांधावरून भाऊबंदांत भांडण लागले म्हणजे ते किती पिढ्या चालते, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. बांध सरकलेला असतो वीतभर. त्या वीतभर जमिनीत पिकून पिकणार किती? परंतु कोर्टाच्या पायऱ्या झिजवता झिजवता दोन्ही घरांची निम्मी शेते विकली जातात, भांडण सुरू करणारे म्हातारे निवर्ततात, आणि घरात आलेल्या नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात बजावले जाते, "पलीकडच्या घरी हळदीकुंकवाला जायचे नाही हं!" का जायचे नाही, हे सांगणाऱ्या सासूबाईंनाही नीटसे ठाऊक नसते.

राष्ट्रांच्या भांडणांचीही हीच जात. आशियातल्या शेजाऱ्यांच्या तंट्यांची नुसती यादी करावयाची म्हटली तरी दिवाळी अंकाची पाने अपुरी पडतील. जपान आणि दक्षिण कोरिया समुद्रातल्या दोन खडकांवरून एकमेकांकडे डोळे वटारतात. चीन आणि फिलिपाइन्स प्रवाळांच्या बेटांवरून हमरीतुमरीवर येतात. आपल्या उत्तरेच्या सीमेबद्दल तर बोलावयासच नको. परंतु या साऱ्या यादीत एक तंटा असा आहे की, त्याच्या मधोमध चक्क शंकराचे देऊळ उभे आहे. थायलंड आणि कंबोडिया या दोन बौद्ध देशांनी एका हिंदू देवळासाठी वकील लावले, तोफा डागल्या आणि माणसे गमावली. निवांत वेळ आहे, फराळाचे ताट पुढ्यात आहे, तेव्हा आज त्या देवळाचीच हकीकत ऐकू या.

कंबोडियाच्या उत्तर टोकाला डांगरेक नावाची डोंगरांची रांग आहे. खाली कंबोडियाची सपाट भातशेती आणि जंगल, आणि त्यातून भिंतीसारखा उभा राहिलेला सुमारे ५२५ मीटर उंचीचा कडा. या कड्याच्या अगदी टोकावर ख्मेर राजांनी शिखरेश्वराचे मंदिर बांधले. आज जे बांधकाम दिसते ते मुख्यतः अकराव्या आणि बाराव्या शतकातले, पहिला सूर्यवर्मन आणि दुसरा सूर्यवर्मन यांच्या काळातले. अंगकोर वाट बांधणारा तो हाच दुसरा सूर्यवर्मन. देवळाला ख्मेर लोक 'प्रिआह विहिआर' म्हणतात, थाई लोक 'प्रा विहान' म्हणतात. दोन्ही उच्चारांत आपला 'विहार' हा शब्द लपला आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

आता या देवळाची खरी गंमत पाहा. ख्मेर देवळे बहुधा पूर्वाभिमुख असतात. हे मात्र उत्तरेकडे तोंड करून बसले आहे. सुमारे ८०० मीटर लांबीच्या एका सरळ रेषेत पायऱ्या, फरसबंदी आणि एकामागून एक पाच गोपुरे चढत जातात, आणि अखेरीस कड्याच्या टोकाशी गाभारा येतो. उत्तरेची बाजू उताराची आणि सोपी. म्हणजे भाविकाने यावयाचे ते आजच्या थायलंडच्या बाजूने. दक्षिणेकडे, कंबोडियाच्या बाजूला, देवाची पाठ आणि पाचशे मीटरांची खोल दरी. वाट एकाच्या अंगणातून आणि देऊळ दुसऱ्याच्या मालकीचे, असा हा प्रकार आहे. ज्यांनी ते बांधले त्यांना अर्थातच याचे काही वाटले नसेल. कड्याच्या खालचा मुलूखही त्यांचा होता आणि वरचाही.

पुढे दिवस फिरले. ख्मेरांची सत्ता खचली. १४३१ साली सयामच्या अयुथ्या राज्याने अंगकोर जिंकले. त्यानंतरची काही शतके कंबोडियाची अवस्था दोन दांडग्या शेजाऱ्यांच्या मध्ये सापडलेल्या गरीब बिऱ्हाडकरूसारखी होती. पश्चिमेकडून सयाम लचका तोडी, पूर्वेकडून व्हिएतनाम. १८६३ साली राजा नोरोडोमने फ्रेंचांचे छत्र पत्करले. परंतु फ्रेंच आले ते काही धर्मादाय करावयास आले नव्हते. १८९३ साली त्यांच्या युद्धनौका थेट बँकॉकपर्यंत जाऊन पोचल्या आणि सयामला मेकाँगच्या पलीकडच्या मुलखावर पाणी सोडावे लागले. १९०७ च्या तहाने बट्टंबांग आणि सियाम रीप हे प्रांतही गेले. त्यांच्याबरोबर अंगकोरही गेले.

येथेच या वैराचे बीज आहे. ख्मेर माणूस म्हणतो, "एके काळी हा सारा मुलूख आमचा होता. शेजाऱ्यांनी तो कुरतडत नेला." थाई माणूस म्हणतो, "आम्ही कोणाचे गुलाम झालो नाही, पण त्यासाठी आम्हाला आमचे प्रांत परक्यांच्या घशात घालावे लागले." दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात. आणि ज्या भांडणात दोन्ही पक्षांना आपणच लुटले गेलो असे मनापासून वाटते, ते भांडण मिटवणे ब्रह्मदेवालाही कठीण!

आता त्या नकाशाकडे वळू. १९०४ च्या तहात असे ठरले होते की, डांगरेक डोंगरात दोन देशांची सीमा पाण्याच्या वाटणीप्रमाणे धरावी. डोंगराच्या ज्या धारेपाशी पावसाचे पाणी दुभंगून इकडे आणि तिकडे वाहू लागते, ती धार म्हणजे सीमा. नियम साधा आणि शहाणपणाचा. त्यासाठी दोन्ही सरकारांचे संयुक्त मंडळ नेमले गेले. परंतु नकाशे काढावयाचे कोणी? सयामजवळ त्या कामाची पुरेशी माणसे आणि साधने नव्हती, म्हणून सयाम सरकारनेच फ्रेंच अधिकाऱ्यांना ते काम करण्याची विनंती केली. नकाशे पॅरिसमध्ये छापले गेले आणि १९०८ साली बँकॉकला पोचले. त्यांचे प्रमाण एकास दोन लाख, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर दोन किलोमीटर. त्यातल्या डांगरेकच्या नकाशावर सीमारेषा देवळाच्या उत्तरेने वळसा घालून गेली होती आणि देऊळ कंबोडियात दाखवले होते. थाई पक्षाचे म्हणणे असे की, पाण्याची धार धरली असती तर देऊळ आमच्याकडे आले असते.

मग त्या वेळी सयामने हरकत घेतली का? नाही. सयामचे गृहमंत्री राजपुत्र दामरोंग यांनी फ्रेंच वकिलाचे आभार मानले, आणि प्रांतोप्रांतीच्या सुभेदारांना वाटण्यासाठी नकाशांच्या आणखी पंधरा प्रती मागवल्या! हे दामरोंग काही सामान्य गृहस्थ नव्हते. थाई इतिहासलेखनाचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो. १९३० साली हेच राजपुत्र देवळाच्या दर्शनाला गेले. तेथे शेजारच्या कंबोडियन प्रांताचा फ्रेंच अधिकारी पूर्ण गणवेशात, फ्रेंच निशाण फडकावून, यजमान म्हणून त्यांच्या स्वागताला उभा होता. राजपुत्रांनी पाहुणचार घेतला आणि परतल्यावर भेटीची छायाचित्रे त्या अधिकाऱ्याला पाठवून दिली. सज्जन माणसाने सौजन्य दाखवले, यात वावगे ते काय? परंतु सौजन्याचीही पावती फाडली जाते आणि ती तीस वर्षांनी न्यायालयात दाखल होते, हे त्या बिचाऱ्यांना कोठून ठाऊक असणार!

१९३४-३५ साली थाई लोकांनी स्वतः मोजणी केली, तेव्हा नकाशातली रेषा आणि डोंगराची धार यांचा मेळ बसत नाही हे त्यांच्या लक्षात आले. तरीही जुनाच नकाशा वापरात राहिला. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनीपुढे कोसळताच थायलंडने १९४१ साली जपानच्या मध्यस्थीने आपले जुने प्रांत परत मिळवले, आणि जपान हरताच १९४६ साली ते पुन्हा परत करावे लागले. १९५३ साली कंबोडिया स्वतंत्र झाला. फ्रेंच निघून गेले आणि देवळात थाई पहारेकरी येऊन बसले. मालकाने घर सोडले, भाडेकरू भांडू लागले, आणि मालकाने काढलेला नकाशा तेवढा मागे उरला. आशियातल्या किती तरी तंट्यांची कुंडली हीच आहे.

१९५९ च्या ऑक्टोबरात कंबोडियाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. कंबोडियाच्या बाजूने अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री डीन अॅचिसन उभे राहिले. थायलंडच्या वकिलांत त्यांचे माजी पंतप्रधान सेनी प्रामोज होते. १५ जून १९६२ रोजी निकाल लागला. नऊ विरुद्ध तीन मतांनी देऊळ कंबोडियाला मिळाले.

निकालाचे मर्म समजावून घेण्यासारखे आहे. पाण्याची खरी धार कोठून जाते, या प्रश्नाच्या खोलात शिरण्याची गरजच न्यायालयाला वाटली नाही. न्यायमूर्तींच्या बहुमताने असे म्हटले की, नकाशा तुमच्या हाती आला, तुम्ही तो ठेवून घेतलात, जादा प्रती मागवल्यात आणि पन्नास वर्षे ब्र काढला नाहीत. एवढ्या वर्षांत बोलण्याच्या अनेक संधी आल्या आणि गेल्या. तेव्हा आता नकाशा चुकीचा होता असे म्हणण्याचा अधिकार तुम्हाला उरलेला नाही. मौन म्हणजे संमती, हे आपल्याकडचे जुने सूत्र हेगमध्ये असे आंतरराष्ट्रीय कायदा होऊन बसले! विरोधी मत देणाऱ्या तिघांत चीनचे वेलिंग्टन कू हे एक होते. युरोपियन सत्तेपुढे दुबळ्या आशियाई राज्याला कित्येकदा गप्प बसावे लागे, ही गोष्ट ज्या देशाने स्वतः भोगली होती त्या देशाचा हा माणूस. कायद्याच्या तराजूत मौनाचे वजन करता येते, परंतु त्या मौनामागच्या भीतीचे वजन करावयाचे माप अजून निघालेले नाही.

बँकॉकमध्ये संतापाची लाट उसळली. तेव्हाचे लष्करी सत्ताधीश सरित थनारत यांनी निकाल अमान्य असल्याचे सांगितले आणि त्याच श्वासात तो पाळण्याचेही जाहीर केले. ते पाळले कसे, हे ऐकण्यासारखे आहे. देवळावरचे थाई निशाण खाली उतरवणे म्हणजे अपमान. म्हणून जुलै १९६२ मध्ये सैनिकांनी निशाण फडकतेच ठेवून अख्खा खांबच उपटला आणि तो तसाच्या तसा समोरच्या थाई कड्यावर नेऊन रोवला! जानेवारी १९६३ मध्ये कंबोडियाचे राजपुत्र सिहानुक आपल्या बाजूने तो उभा कडा तासाभराच्या आत चढून गेले. त्यांनी वर जाऊन जाहीर केले की, थाई यात्रेकरूंनी व्हिसाशिवाय खुशाल दर्शनाला यावे, आणि थायलंडने देवळातल्या काही जुन्या वस्तू नेल्या असतील तर त्या त्यांनाच लखलाभ असोत. जिंकणाऱ्याने एवढे मोठे मन दाखवल्याची उदाहरणे इतिहासात फारशी नाहीत.

भांडण येथे संपावयास हरकत नव्हती. परंतु न्यायालयाने देवळाचा निवाडा केला होता. देवळाभोवतालच्या जमिनीची रेषा नेमकी कोठून धरावी, हे त्याने स्पष्ट आखून दिले नव्हते. ती साडेचार चौरस किलोमीटरांची जागा पुढच्या पिढीच्या वाट्याला ठेवलेली सुरुंगाची दारू ठरली.

मधल्या काळात कंबोडियावर जे संकट कोसळले, त्यापुढे देवळाचा वाद कोणाला आठवणार? १९७५ साली ख्मेर रूज सत्तेवर आले आणि तेथे माणसांची कत्तल सुरू झाली. त्यांच्या पाडावानंतर, १९७९ च्या जूनमध्ये, जीव घेऊन पळालेल्या ४० हजारांहून अधिक कंबोडियन निर्वासितांना थाई सैन्याने याच कड्यावरून खाली ढकलून परत पाठवले. खाली सुरुंग पेरलेले होते. किती स्त्रिया-मुले त्या उतारावर मेली याचा हिशेब कोणी ठेवला नाही, परंतु ती संख्या हजारांत मोजावी लागेल यावर बहुतेकांचे एकमत आहे. शिखरेश्वराच्या पायाशी घडलेले हे पातक कुठल्याही न्यायालयात गेले नाही. दगडांच्या मालकीसाठी खटला झाला, माणसांसाठी झाला नाही.

यानंतरच्या तारखा मात्र वाचकांनी जरा लक्षपूर्वक पाहाव्यात. जानेवारी २००३ मध्ये नोम पेन्हमध्ये अफवा उठली की, अंगकोर वाट थायलंडचे आहे असे एक लोकप्रिय थाई नटी म्हणाली. नटीने असे काही म्हटल्याचा पुरावा कधीच सापडला नाही. परंतु पंतप्रधान हुन सेन यांनीही भाषणात तिच्यावर तोंडसुख घेतले, आणि २९ जानेवारीला जमावाने थाई वकिलात जाळली. त्याच वर्षी जुलैत कंबोडियात निवडणूक होती. जुलै २००८ मध्ये युनेस्कोने देवळाला जागतिक वारशाचा मान दिला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत कंबोडियात पुन्हा निवडणूक होती आणि हुन सेन यांना भरघोस विजय मिळाला. त्याच सुमारास बँकॉकमध्ये सरकारविरोधी निदर्शकांना हत्यार हवे होते. देवळाच्या नामांकनाला पाठिंबा देणारे थाई परराष्ट्रमंत्री देश विकणारे ठरले आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. ऑक्टोबरात कड्यावर बंदुका चालू लागल्या. फेब्रुवारी आणि एप्रिल २०११ मध्ये तोफा चालल्या आणि देवळाच्या दगडांवर गोळ्यांचे व्रण उमटले. कंबोडिया पुन्हा हेगला गेला. ११ नोव्हेंबर २०१३ रोजी न्यायालयाने एकमताने सांगितले की, देवळाचा सारा डोंगरमाथा कंबोडियाचा आहे.

देवळाच्या जतनासाठी पुढे जी आंतरराष्ट्रीय समिती झाली, तिचे सहअध्यक्षपद भारत आणि चीन या दोघांकडे मिळून सोपवण्यात आले. स्वतःच्या सीमेवर एकमेकांकडे संशयाने पाहणारे दोन देश दुसऱ्यांच्या सीमेवरचे देऊळ एकत्र बसून सांभाळतात, हाही आशियाच्या राजकारणातला एक विनोदच म्हणावयाचा.

आणि मग आले २०२५ साल. या वेळी ठिणगी पडली ती देवळापासून दूर, २८ मे रोजी, सीमेवरच्या चकमकीत एक कंबोडियन सैनिक ठार झाला तेव्हा. थायलंडच्या तरुण पंतप्रधान पेतोंगतार्न शिनावात्रा यांनी हुन सेन यांना दूरध्वनी केला. हुन सेन म्हणजे त्यांच्या वडिलांचे, थाक्सिन यांचे, जुने स्नेही. एके काळी त्यांनी थाक्सिन यांना आपले आर्थिक सल्लागारही नेमले होते. साहजिकच पेतोंगतार्न त्यांना 'काका' म्हणाल्या, आणि आपल्याच लष्करातल्या एका सेनापतीबद्दल दोन कडवट शब्द बोलून गेल्या. घरातली मुलगी वडिलांच्या मित्राशी बोलते तसे ते बोलणे. ते ध्वनिमुद्रित झाले होते आणि थोड्याच दिवसांत सगळ्या जगाला ऐकू आले! दोन घराण्यांची मैत्री संपली. १ जुलैला न्यायालयाने त्यांना पदावरून दूर ठेवले आणि २९ ऑगस्टला पदच्युत केले.

दरम्यान २४ जुलैला लढाई पेटली होती. या खेपेस तोफांच्या जोडीला रॉकेटे आणि विमानेही होती. पाच दिवसांत किमान ४० माणसे मेली आणि दोन्ही बाजूंची मिळून सुमारे ३ लाख माणसे घरदार सोडून निघाली. २८ जुलैला मलेशियात शस्त्रसंधी झाली. २६ ऑक्टोबरला क्वालालंपूर येथे अमेरिकेच्या अध्यक्षांच्या साक्षीने करारावर सह्या झाल्या. डिसेंबरात तो करार धुळीला मिळाला आणि पुन्हा तोफा सुरू झाल्या. बेघरांचा आकडा ५ लाखांच्या वर गेला. लढाई चालू असतानाच बँकॉकमध्ये निवडणुकीसाठी संसद विसर्जित झाली. २७ डिसेंबरला पुन्हा शस्त्रसंधी झाली.

या तारखा एकाखाली एक लिहून पाहिल्या तर एक गोष्ट लहान मुलालाही दिसेल. देऊळ नऊशे वर्षे त्याच जागी उभे आहे. डोंगराची धार हललेली नाही. १९०८ चा नकाशाही बदललेला नाही. तरीही कधी दहा-दहा वर्षे सीमेवर शांतता असते, यात्रेकरू हातात फुले आणि उदबत्त्या घेऊन चढतात, दोन्हीकडचे दुकानदार एकमेकांना सुटे पैसे देतात, आणि कधी एका रात्रीत गावे ओस पडतात. मग बदलते ते काय? बदलते ते राजधानीत. जेव्हा जेव्हा बँकॉकमध्ये किंवा नोम पेन्हमध्ये कोणाची खुर्ची डुगडुगू लागते, तेव्हा तेव्हा शेकडो किलोमीटर दूरच्या या देवळाची आठवण येते. कड्याच्या आसऱ्याला राहणाऱ्या माणसाला सीमारेषा कोठे आहे याची फिकीर कमी असते. त्याला भात कापावयाचा असतो, गुरे चारावयाची असतात आणि सुरुंगावर पाय पडू नये एवढीच इच्छा असते.

येथे न्यायालयांना दोष देण्यात अर्थ नाही. हेगच्या न्यायमूर्तींनी दोनदा निकाल दिला आणि दोन्ही वेळा तो स्पष्ट होता. परंतु निकाल कागदावर उतरतो. मनावर तो उतरवण्याचे काम सिहानुक यांनी कडा चढून केले होते. तसे करणारा माणूस दोन्ही देशांना पुन्हा फारसा मिळाला नाही. थायलंड आणि कंबोडिया यांच्यातल्या सुमारे ८०० किलोमीटर सीमेची रीतसर मोजणी करण्याचा करार २००० साली झाला. मोजणीचे काम किचकट आणि कंटाळवाणे असते. त्यात भाषणे नसतात, निशाणे नसतात आणि मतेही मिळत नाहीत. म्हणूनच ते रेंगाळले आणि तोफांना वाव मिळाला.

एखादा पुढारी छातीवर हात ठेवून पूर्वजांच्या देवळाबद्दल गहिवरून बोलू लागला की, सुज्ञ नागरिकाने प्रथम पंचांग पाहावे आणि निवडणूक किती दिवसांवर आली आहे ते मोजावे. ही युक्ती डांगरेकच्या डोंगरापुरतीच खरी आहे असे नाही. शिखरेश्वर उत्तरेकडे तोंड करून बसला आहे तो काही थायलंडवर रागावून नव्हे, आणि त्याने कंबोडियाकडे पाठ केली आहे तीही रुसून नव्हे. ज्या बाजूने माणसे सहज चढून येतील त्या बाजूला त्याचे दार ठेवले आहे, इतकेच. ज्यांनी ते देऊळ बांधले त्यांना एवढी साधी गोष्ट कळली होती.